पळस काळा की पांढरा?

फिल्मवर फोटो काढणाऱ्या माणसाला ‘हे कशाला?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. रोलमध्ये छत्तीसच फोटो, त्यामुळे विचार करून काढावे लागतात. लगेच बघता येत नाहीत, म्हणून वाट पाहण्यातली गोडी कळते. सगळं कसं संथ होतं, मन शांत होतं. रानात कृष्णधवल रोल घालून फिरणाऱ्यांकडून तर हे हमखास ऐकायला मिळतं, आणि ऐकणाराही मान डोलावतो. मला ते कधीच पटलेलं नाही. छत्तिसाचीच शिस्त हवी असेल तर मोबाइलवरही छत्तीस मोजून थांबता येतं. आणि डोंगरात हळू चालायला कॅमेरा लागत नाही. पन्नाशीतले गुडघे पुरतात.

या उत्तरातली दुसरी गोम म्हणजे त्यात इतिहास सोयीचा करून घेतलेला असतो. घरात आग्फा क्लिक थ्री होता आणि १२० च्या रोलवर बाराच चौकोनी फोटो निघत, त्या काळात कुणी मनःशांतीसाठी बटण जपून दाबत नव्हतं. रोल महाग, धुलाई महाग, म्हणून जपून दाबत होते. उटीला १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. फिल्मवर इमल्शन चढवायला थंड, धूळ नसलेली हवा लागते, ती तिथे होती. १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं आणि ‘इंदू’ नावाची देशी कृष्णधवल फिल्म मिळू लागली. ती विकत घेणाऱ्यांनाही कृष्णधवलचं प्रेम होतं असं नाही. परवडत होतं ते हे होतं. पुढे रंगीत रोल आवाक्यात आला, तशी लोकांनी कृष्णधवल फारशी हळहळ न करता सोडून दिली. त्यांचं काही चुकलं नाही. लग्नातल्या शालूचा रंग अल्बममध्ये दिसायलाच हवा होता.

तेव्हा जुन्याची ओढ आणि संथपणा ही दोन्ही कारणं बाजूला ठेवू. प्रत्येकाच्या खिशात बऱ्यापैकी रंगीत कॅमेरा असताना रानात कृष्णधवल फिल्म घेऊन जाण्यात आनंद आहे, तो कशाचा? माझं म्हणणं असं, की तो ठरवण्याचा आहे. ही फिल्म माणसाला जागेवर, झाडासमोर उभं असतानाच ठरवायला लावते. आणि ठरवायचं असतं ते झाडावर पडलेल्या उजेडाबद्दल. झाड कोणतं हा प्रश्न मागे पडतो.

फाल्गुनातला पळस घ्या. अंगावर पान नाही, नुसती केशरी-तांबडी फुलं, मागे निळंभोर आकाश. रंगीत फोटोत हे दृश्य स्वतःचं काम स्वतःच करतं, फोटो काढणाऱ्याने फक्त हात स्थिर ठेवायचा. तेच कृष्णधवल फिल्मवर काही न करता काढलं, तर फुलं आणि आकाश जवळपास एकाच करड्या छटेत येतात आणि झाड आकाशात हरवून जातं. डोळ्यांना जो भडका दिसला त्याचा मागमूस उरत नाही. आता लेन्सवर लाल फिल्टर चढवा. लाल काच तांबडा उजेड आत सोडते, निळा अडवते. फुलं पांढरी होतात, आकाश काळवंडतं, भर दुपारचा पळस रात्रीचा वाटू लागतो. हिरवा फिल्टर लावला तर तीच फुलं काळीठिक्कर. यातला खरा पळस कुठला, या प्रश्नाला उत्तर नाही. पण कुठला तरी एक निवडल्याशिवाय शटर दाबता येत नाही. त्यात लाल फिल्टर उजेड तीन स्टॉपने खातो. ४०० आयएसओची फिल्म आणि स्वच्छ ऊन असेल तर एफ १६ ला पाचशेचा शटर चालला असता, तिथे आता साठचा धरावा लागतो. म्हणजे वारा सुटला की फुलं हलणार. मग अ‍ॅपर्चर उघडायचं की वारा पडायची वाट बघायची, हेही आलं. एका पळसाखाली इतका खल होतो, आणि हाच खल मला त्या झाडाच्या जितका जवळ नेतो तितकं दुसरं काही नेत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफरांच्या नशिबी हे ठरवणं नव्हतं. त्यांच्या प्लेटला निळा-जांभळा उजेडच काय तो कळायचा. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि हमालांचा तांडा घेऊन त्याने हिमालय पालथा घातला. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांवर, त्याने फोटो घेतले. काचेवर कलोडियन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि तंबूतल्या अंधारात तिथल्या तिथे धुवायचा, अशी ती पद्धत. इतका खटाटोप करून त्या काळच्या फोटोंमध्ये आकाश बहुतेकदा कोरंच राहायचं, कारण निळ्याला प्लेट इतकी हळवी की आकाश जळून जायचं. ढग हवेच असतील तर काही जण ढगांची वेगळी निगेटिव्ह बाळगत आणि छापताना ते जोडून देत. हिरवी झाडी अंधाराच्या ढिगासारखी येई. १८७३ मध्ये बर्लिनला हेरमान फोगेल यांच्या लक्षात आलं, की इमल्शनमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवाही उमगू लागतो. तिथून तांबड्यासकट सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. रंग न दाखवणाऱ्या फिल्मला आधी सगळे रंग दिसावे लागले, तेव्हा कुठे फोटोग्राफरच्या हाती निवड आली.

त्या निवडीचा सगळ्यात गाजलेला दाखला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा. १० एप्रिल १९२७ रोजी तो कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोमच्या उभ्या कड्यासमोर पोहोचला, तेव्हा पाठीवरून आणलेल्या काचेच्या प्लेटांपैकी दोनच उरल्या होत्या. पहिलीला त्याने नेहमीचा पिवळा फिल्टर लावला. फोटो घेतल्यावर त्याला जाणवलं, की यात कडा येईल, पण तो कडा बघून जे वाटलं ते येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं आलं, आणि त्यापुढे कडा एखाद्या संकटासारखा उभा राहिला. काळं आकाश आता कुणीही आणतो (आणि बऱ्याचदा उगाचच आणतो). मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की निर्णय कड्यासमोर झाला, हातात एकच प्लेट शिल्लक असताना.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलवर होतं की. फोटो रंगीत काढा, घरी येऊन कृष्णधवल करा, हिरव्याचा पट्टा सरकवला की पानं उजळतात, निळ्याचा सरकवला की आकाश बुडतं. अ‍ॅडम्सला ज्यासाठी डोंगर चढावा लागला ते आता लोकलमध्ये बसून करता येतं. खरं आहे, आणि निकाल कदाचित सरसही येईल. पण त्या माणसाने रानात काय पाहिलं? रंगीतच पाहिलं. त्याचं कृष्णधवल पाहणं रान सोडल्यावर सुरू झालं. फिल्मवाल्याला झाडासमोर असतानाच झाडाचा रंग मनातून काढावा लागतो. तो सहजी निघत नाही, म्हणून मग तो एक डोळा बारीक करतो, मान वाकडी करतो, ढग सरकायची वाट बघतो, दोन पावलं मागे येतो, पुन्हा पुढे जातो. बाजूने जाणाऱ्याला हे चाळे वाटतात. पण फिरण्यातला आनंद फिरतानाच मिळायचा असेल तर ही धडपड तिथेच व्हायला हवी. माझं संगणकाशी भांडण एवढ्यापुरतंच आहे, की तो रानातलं निम्मं काम उचलून घरी नेतो. २०१२ मध्ये लायकाने रंग अजिबात न टिपणारा डिजिटल कॅमेरा काढला. तो माझ्या युक्तिवादात फिल्मच्याच बाजूला बसतो, हे कबूल करायला हवं. फक्त त्याच्या किमतीत आयुष्यभराचे रोल येतात.

खरा अवघड आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. तो घेतला रघुबीर सिंग यांनी, आणि तो कुण्या ऐऱ्यागैऱ्याचा नाही. रंगीत फोटोग्राफीला भारतात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्याचा आहे. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की कृष्णधवल हे पाश्चात्त्य मनाचं अपत्य आहे. त्यामागे तिथलं एकटेपण आहे, अपराधाची भावना आहे, मरणाची सावली आहे. भारतीय माणूस जग रंगांतून अनुभवतो आणि त्याचे रंग काढून घेतले तर तो त्याचा उरत नाही. हे वाचून चिडणारे मला भेटले आहेत. मला वाटतं, यात निम्मं तथ्य आहे. सप्टेंबरातलं कास पठार आठवा. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, सीतेची आसवं निळीजांभळी. कृष्णधवल फिल्मवर हा सगळा सोहळा म्हणजे करड्या जमिनीवर फिके ठिपके. कासला मी फिल्म नेत नाही, नेऊही नये.

पण सिंग यांचा भारत प्रामुख्याने रस्त्यांचा, घाटांचा आणि माणसांचा होता. रानाचं काय? डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत रान कसं चितारतात ते पाहा. गेरूने सारवलेली कुडाची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बस्स. लग्नाच्या चौकाभोवती झाडं येतात, पक्षी, माकडं, मुंग्या येतात, आणि एक पानसुद्धा हिरवं नसतं. रानातच जन्म गेलेल्या, पालापाचोळ्यावरून झाड ओळखणाऱ्या माणसांना झाड हिरवं असतं हे सांगायची गरज भासली नाही. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, ती जगभर गेली, तरी त्यांनी पांढऱ्याची साथ सोडली नाही. त्यांच्या चित्रातलं झाड ओळखू येतं ते फांद्या कशा फुटतात यावरून. एका रंगात पाहणं हे परदेशातून आलेलं दुखणं आहे असं म्हणणाऱ्याने ही भिंत आधी हिशेबात धरायला हवी.

शिवाय आपले डोळे तरी कुठे अष्टौप्रहर रंगीत बघतात? यान पुर्किन्ये हा चेक शरीरशास्त्रज्ञ पहाटे शेतांमधून लांबवर फिरायला जायचा. १८१९ मध्ये त्याच्या ध्यानात आलं, की दुपारी लालभडक दिसणारी फुलं पहाटे जवळजवळ काळी दिसतात आणि त्यांची पानं मात्र त्यांच्यापेक्षा उजळ. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना तांबडा जवळपास दिसतच नाही, रंगांतला भेदही कळत नाही. म्हणजे दिवेलागणीनंतर दिवे नसतील तर प्रत्येक माणूस कृष्णधवल बघतो, तेही निसर्गाने दिलेल्या फिल्टरमधून. शहरात ट्यूबलाइट आणि मोबाइल हे घडू देत नाहीत. पण गावाबाहेरच्या पायवाटेवर, दिवस मावळून अर्धा तास झाल्यावर पांगाऱ्याकडे बघा. फुलं आधी विझतात.

कृष्णधवल फिल्मचा सह्याद्रीतला खरा मोसम मात्र दिवसाचाच, माघापासून वैशाखापर्यंत. या दिवसांत डोंगर रंगीत कॅमेऱ्यांना आवडत नाही. गवत पिवळं पडून गेलेलं, कातळ तापलेला, धुरकट आभाळ. पावसाळ्यात धबधब्यांपाशी जत्रा करणारे लोक तेव्हा फिरकत नाहीत. अशा कोरड्या उतारावर कांडोळ उभा असतो, पानं पार झडलेला. काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. त्याचं खोड पांढुरकं, गुळगुळीत, त्यावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात त्याच्याजवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक पापुद्र्याची स्वतःची सावली पडलेली दिसते, केसाएवढी बारीक, आणि खोडाला जिथे फांदी फुटते तिथे साल मानेवरच्या वळ्यांसारखी दुमडलेली असते. शेजारी ऐन असेल तर त्याची साल काळपट, चौकोनी भेगांची. ती ऊन पिऊन टाकते. दोघांमागे बेसाल्टचा कडा, सावलीत. रंगीत फोटोत ही मातकट, उदास जागा आहे. फिल्मला यापेक्षा श्रीमंत जागा मिळायची नाही.

तिथे पहिलं भांडण होतं ते लाइटमीटरशी. मीटर बिचारा जगातली प्रत्येक वस्तू करडी आहे असं धरून चालतो. कांडोळावर रोखला तर तो सांगेल त्या आकड्याने कांडोळ करडा होईल, कड्यावर रोखला तर कडा करडा होईल. म्हणून मीटरचं ऐकायचं आणि मग त्याला दुरुस्त करायचं: खोड पांढरं हवं, तर दोन स्टॉप जास्त, कड्याची सावली गडद हवी पण तिच्यातल्या भेगा दिसायला हव्यात, तर दोन स्टॉप कमी. दोन्ही एकाच फोटोत बसत नसतील, आणि उन्हाळ्यात बहुधा बसत नाहीत, तर सावलीला पुरेल एवढा उजेड द्यायचा आणि रोल धुताना वेळ कमी करून खोडाला आवरायचं. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास हेच सूत्रात बसवलं आणि त्याला झोन सिस्टिम म्हटलं. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, वाद आहेत, पंथ आहेत. मला त्यातलं एवढंच उपयोगी पडतं, की शटर दाबण्याआधी समोरच्या प्रत्येक गोष्टीला विचारावं लागतं, तू किती काळी आणि किती पांढरी होणार आहेस? पायवाटेवरच्या धोंड्यालाही विचारावं लागतं.

पावसाळ्यात हिशेब उलटा. ताम्हिणीत धुकं उतरलं की सावलीच नसते, पांढरं आणि काळं दोन्ही मधेच कुठेतरी येऊन बसतात. मग धुताना वेळ वाढवून त्यांना एकमेकांपासून लांब न्यायचं. दाट झाडीत शटर एका सेकंदापलीकडे गेला की मीटरने सांगितलेला वेळ पुरत नाही, कारण मंद उजेडात फिल्म आळसावते. आणखी वेळ द्यावा लागतो. लेन्सला बुरशी लागते ती वेगळीच डोकेदुखी. त्या महिन्यांत मी कॅमेरा कमी नेतो आणि छत्री जास्त.

या सगळ्यात पाखरं, फुलं, साप कुठे गेले, असं निसर्गप्रेमी विचारतील आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. रविवारी सकाळी टेकडीवर निघालेल्या गटांत हल्ली प्रत्येकाकडे यादी असते. आज किती प्रजाती, कुठला नवा, कुणाला आधी दिसला. त्या याद्यांतून खरोखरीची माहिती जमते आणि संशोधकांना ती लागते. मी तिची टर उडवणार नाही. पण यादी करणारा डोळा वस्तूला नाव मिळालं की पुढे सरकतो. रंग हे त्याचं हत्यार आहे. पोटाखाली पिवळा असेल तर हा, पांढरा असेल तर तो. कृष्णधवल फिल्म या कामाला नालायक आहे, आणि तिच्या नालायकीत माझी सुटका आहे. तिला घेऊन निघालं की यादीत भर पडणारच नाही, हे आधीच ठरून जातं. मग ज्याला काही नाव नाही अशा गोष्टींकडे लक्ष जातं: वाळक्या गवतातून आरपार आलेलं ऊन, डबक्यातल्या पाण्याची कातडी, दोन खोडांच्या मधली मोकळी जागा.

मात्र इथे एका माणसाची हरकत मला ऐकू येते. मद्रासचे मा. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून शेवटपर्यंत निसर्गावर सदर लिहिलं आणि हत्ती, गवे, सांबरं यांचे फोटो काढले ते कृष्णधवलच. कॅमेराही ठिकठिकाणचे भाग जुळवून स्वतः बांधलेला, बोजड. त्याचं नाव त्यांनी ‘सुपर पाँडेरोसा’ ठेवलं होतं. ते माझ्यासारखे खोडावरच्या पापुद्र्यांसाठी रानात जात नव्हते. नोंद करायलाच जात होते, आणि त्यांच्या फोटोत हत्तीची ठेवण, कान कसे ताणलेत, कळपात पिल्लू कुठे उभं आहे, हे असं दिसतं की रंगाची उणीव भासत नाही. म्हणजे कृष्णधवल नोंदीला नालायक आहे हे माझं विधान जरा आटोक्यात आणायला हवं. नाव पटवायला ती कमी पडते. वागणं दाखवायला पडत नाही. कृष्णन यांना त्या प्राण्यांची नावं आधीच ठाऊक होती, म्हणून त्यांना नावापुढचं बघता येत होतं. यादीवाल्यांना आणि मला दोघांनाही यातून घेण्यासारखं आहे.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट, जी फिल्मवाले क्वचितच बोलतात. निसर्गाच्या प्रेमाने घेतलेली ही फिल्म बनते कशाची? प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीच्या संयुगांचे स्फटिक. चांदी खाणीतून येते, जिलेटिन गुराढोरांच्या हाडा-कातड्यांतून. कांद्यालसणालाही हात न लावणारे कैक फोटोग्राफर आयुष्यभर हाडांच्या सत्त्वावर निसर्ग टिपत आले. त्या जिलेटिनचा एक किस्सा मला फार आवडतो. काही जिलेटिनांची फिल्म उजेडाला चलाख असायची, काहींची मठ्ठ, आणि कारण कळत नव्हतं. १९२५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड यांनी ते शोधून काढलं: जिलेटिनात मोहरीच्या तेलातल्या गंधकयुक्त द्रव्यासारखे अंश असतील तर स्फटिक अधिक संवेदनशील होतात, आणि हे अंश येतात ते जनावरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून. कुठल्या कुरणात गाय काय चरली यावर फोटो ठरत होता! म्हणजे ही फिल्म निसर्गाबाहेर राहून त्याच्याकडे बघत नाही, ती त्यातूनच काढून घेतलेली आहे. मोबाइलचंही तेच, तिथल्या खाणी आणि बॅटऱ्या आपल्याला दिसत नाहीत एवढंच. याने दोष कमी होत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. वापरलेल्या हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, विरघळलेली चांदी असते आणि ती ओढ्या-नाल्यातल्या जिवांना बाधते, तेव्हा तो मोरीत ओतू नये. साठवून त्यात स्टील वूल टाकून ठेवलं की चांदी गाळ होऊन खाली बसते. डोंगरात प्लास्टिक टाकणाऱ्यांवर डोळे वटारायचे आणि घरी फिक्सर मोरीत सोडायचा, हे जुळत नाही.

रोल घरी धुणं हा निर्णयाचा उरलेला अर्धा भाग आहे, म्हणून तो मी दुकानावर सोपवत नाही. डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आलेला आहे. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स, इतकंच त्यात असतं. पुस्तकं सांगतात पाणी २० अंश. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या गच्चीवर काळी टाकी नसावी. एप्रिलात आपल्या नळाला २८-३० अंशांचं पाणी येतं, त्यात डेव्हलपमेंटचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो आणि पाच मिनिटांच्या आत गेलं की आकाशावर डाग दिसू लागतात. म्हणून परातीत बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली, हातात थर्मामीटर. स्वयंपाकघरातल्या लोकांचं यावर जे मत असतं ते असतं. टाकी उघडून ओली पट्टी दिव्यासमोर धरली की कांडोळ कोळशासारखा काळा आणि कड्याची सावली काचेसारखी पारदर्शक. उजेड जिथे पडला तिथे चांदी उरली, जिथे पडला नाही तिथे काहीच नाही. सावलीच्या त्या पारदर्शक भागात बारीक रेघा दिसल्या, तर एक्स्पोजरचा हिशेब बरोबर आला असं समजायचं.

हा छंद सगळ्यांनी करावा असं मी म्हणणार नाही. एका रोलला आज हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, जुने कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर शहरागणिक एखाद-दुसरे उरलेत, आणि फोटो काढायचा तो आठवण म्हणून असं ज्याला वाटतं त्याने मोबाइलच वापरावा. ज्याला यातलं काही करून बघायचंय त्यानेही लगेच कॅमेरा घेऊ नये. स्टेशनरीच्या दुकानात लाल जिलेटिन कागद मिळतो. त्याचा एक तुकडा घ्यावा, लाल पुरेसा गडद वाटला नाही तर दुहेरी घडी करावी, आणि मे महिन्यात गुलमोहराखाली उभं राहून डोळ्यांसमोर धरावा. उन्हाकडे मात्र बघू नये. लालाखेरीज दुसरा रंग उरत नाही, उरतं ते फिकं आणि गडद. पानं काळवंडतात, फुलं विरून गेल्यासारखी फिकी दिसतात, आणि ढगांच्या कडा नव्याने उभ्या राहतात. तिथून घरी यायला उशीर झाला, तर मग फिल्मचा कॅमेरा शोधायला हरकत नाही. शक्यतो बॅटरीशिवाय शटर चालणारा घ्यावा, आणि घेण्याआधी त्याच्या मागच्या झाकणाचा फोम चिकट झालाय का ते बोट लावून पाहावं.